लॉगचे नियम आले कुठून?

एखाद्या संख्येचा लॉग म्हणजे १० चा कितवा घात घेतला की ती संख्या मिळते, तो आकडा: १०० चा लॉग २, १,००० चा ३. बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्रीच्या बोर्डाच्या पेपरला लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर चालत नाही. त्यामुळे नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत ठाण्यातल्या क्लासांत तीन वाक्यं घोटून घेतली जातात: गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज, भागाकाराचा म्हणजे वजाबाकी, आणि घात असेल तर तो पुढे येऊन गुणला जातो. पोरं पाठ करतात, मार्कही मिळतात. हे नियम कुणाचे कष्ट वाचवायला निघाले, ते सांगायला मात्र पोर्शनच्या घाईत सवड नसते.

कल्पना जुनी आहे. नवव्या शतकात वीरसेनाचार्यांनी 'धवला' या जैन टीकाग्रंथात 'अर्धच्छेद' वापरला: संख्या किती वेळा निम्मी करता येते ती मोजणी. ३२ चे अर्धच्छेद ५, ८ चे ३, आणि त्यांच्या गुणाकाराचे, म्हणजे २५६ चे, ८. पहिला नियम इथेच आहे, फक्त पाया १० ऐवजी २ चा. मात्र तीन किंवा सातासारख्या संख्येला अर्धच्छेद असा सरळ लागू पडत नाही.

युरोपात ही गरज खगोलशास्त्रज्ञ आणि दर्यावर्दींची होती. लांबलचक संख्यांचे गुणाकार हाताने करण्यात त्यांचे दिवस जात. स्कॉटलंडच्या जॉन नेपिअरने सुमारे वीस वर्षं खपून १६१४ मध्ये एडिंबरोत आपले तक्ते छापले. गंमत अशी, की आपण घोकतो तो नियम त्या तक्त्यांना जसाच्या तसा लागू होत नव्हता! नेपिअरने एक कोटीचा लॉग शून्य धरला होता. त्यामुळे गुणाकार करताना बेरजेतून दर वेळी १ चा लॉग, म्हणजे एक भलीमोठी संख्या, वजा करावी लागे.

लंडनचे प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज १६१५ च्या उन्हाळ्यात मुद्दाम एडिंबरोला गेले. १ चा लॉग शून्य आणि १० चा १ ठेवायचा, हे त्या दोघांच्या चर्चेतून ठरलं. माझ्या मते खरी कलाटणी ही. कारण १ ने गुणून काही बदलत नाही, मग बेरजेतही काही वाढायला नको. नियम स्वच्छ झाला तो इथे. नेपिअर १६१७ मध्ये वारले. ब्रिग्जनी १६२४ मध्ये चौदा दशांश स्थळांपर्यंतचे तक्ते काढले, तेही २०,००० ते ९०,००० ही मधली पट्टी मोकळी ठेवून. ती १६२८ मध्ये नेदरलंड्सच्या व्लाकने भरली.

१९७२ मध्ये खिशातला सायंटिफिक कॅल्क्युलेटर आला आणि आकडेमोडीपुरतं लॉग टेबलचं काम संपत गेलं. नियम राहिले, कारण काही मोजमापंच लॉगमध्ये आहेत. आवाजाचं डेसिबल घ्या. तीव्रता दुप्पट झाली की २ च्या लॉगची, ०.३०१० ची, दहापट मिळवायची: साधारण ३. म्हणून गणपतीत सोसायटीसमोर ९० डेसिबलचे दोन सारखे स्पीकर लागले, तर आवाज १८० नव्हे, ९३ डेसिबल होतो. आणि मंडळाने सोसायटीचा मान राखून त्यातला एक बंद केला, तरी कमी होतात तीनच. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ ची आहे. ९० वरून तिथे यायला तीव्रता तीन हजार पटींहून जास्त उतरवावी लागेल.