उकळी कालवांना, दुधाला नाही

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर थंडी पडली की 'ऑयस्टर स्ट्यू'चे, म्हणजे कालवांच्या दुधाळ सूपाचे, दिवस येतात. पुष्कळ घरांत तो ख्रिसमसच्या आदल्या रात्री होतो, आणि न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनखाली १९१३ पासून चालणाऱ्या ऑयस्टर बारमध्ये आजही मिळतो. साहित्य म्हणाल तर कालवं, त्यांचं खारट पाणी, लोणी, दूध, क्रीम, मीठ, मिरी. संपलं. पीठ नाही, वाटण नाही. तरीही तो बिघडतो, आणि बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने: दूध फाटतं.

दुधातलं केसीन हे प्रथिन अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं. गोळ्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर लोटतात आणि दूध एकजीव राहतं. आम्ल मिसळलं की हा भार कमी होतो, गोळ्या चिकटतात आणि पाणी वेगळं होतं. ताज्या दुधाचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) सुमारे ६.७ असतो. थंड दूध फाटायला तो ४.६ च्या आसपास यावा लागतो, पण दूध तापलेलं असेल तर त्यापेक्षा कितीतरी कमी आम्ल पुरतं. फ्रिजमध्ये ठीक दिसणारं दूध गॅसवर चढवताच फाटतं, ते यामुळेच.

आता कालवांकडे बघा. शिंपल्यातलं पाणी म्हणजे जवळजवळ समुद्रच, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आलंच, आणि हे दोन्ही केसीनच्या गोळ्यांना एकत्र यायला मदत करतात. भर आम्लाची. पाण्याबाहेर काढलेलं कालव शिंपला घट्ट मिटून घेतं. आत प्राणवायू संपत जातो, मग ते साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, प्राणवायूविना वापरू लागतं आणि त्यातून सक्सिनिक आम्लासारखी आम्लं तयार होतात. गंमत अशी की कालवाच्या चवीत या सक्सिनिक आम्लाचाही वाटा आहे. चवीचा दुसरा मोठा भाग अमिनो आम्लांचा. समुद्राच्या खारटपणाशी तोल राखण्यासाठी कालव ती आपल्या पेशींत साठवतं, म्हणून जास्त खाऱ्या पाण्यातलं कालव जास्त चवदार लागतं. ग्लायकोजेनचा साठा थंडीत भरलेला असतो आणि उन्हाळ्यात अंडी घालण्यात खर्ची पडतो. तेव्हाची कालवं पातळ, पाणचट. हा पदार्थ हिवाळ्यात रुजला त्यामागे हे एक कारण आहेच.

जुन्या पाककृती सांगतात, कालवांच्या कडा मुरडल्या की लगेच आच बंद करा. खायला ती अगदी मऊ लागतात, यात वाद नाही. पण कालव समुद्राचं पाणी गाळून जगतं, आणि त्याबरोबर व्हिब्रिओ जीवाणू आणि नोरोव्हायरसही त्याच्यात जमू शकतात. दूषित कालव ना वासाने ओळखू येतं ना चवीने. नोरोव्हायरस ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरू शकतो. सोललेली कालवं निदान ३ मिनिटं उकळावीत, असं अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था सांगते. यकृताचा आजार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी तर हा नियम अजिबात मोडू नये. लिंबू पिळून किंवा तिखट सॉस घालून जीवाणू मरत नाहीत.

पण दुधात ३ मिनिटं उकळी म्हणजे दूध फाटण्याची तयारीच. म्हणून मी दोन भांडी वापरते. चार जणांसाठी अर्धा लिटरची सोललेल्या कालवांची बाटली पाण्यासकट घ्यायची. अमेरिकेत ती सुपरमार्केटमध्ये मिळते. जाड बुडाच्या भांड्यात पाऊण लिटर ताजं, सायीचं दूध आणि पाव लिटर क्रीम मंद आचेवर तापवायचं. कडेला बारीक बुडबुडे आले की आच बंद. ढवळत राहा, नाहीतर दूध बुडाला लागतं. क्रीम केवळ चैनीसाठी नाही: त्यात स्निग्धांश खूप आणि केसीन कमी, त्यामुळे फाटण्याची शक्यता घटते.

दुसऱ्या भांड्यात ५० ग्रॅम लोणी वितळवून कालवं पाण्यासकट घालायची. खळखळून उकळी आल्यावर ३ मिनिटं मोजायची. कालवं कडा मुरडलेल्यांपेक्षा थोडी घट्ट होतील, तेवढं मला मान्य आहे. मग ती पाण्यासकट गरम दुधात हळूहळू ओतायची आणि ढवळायचं. यानंतर पुन्हा आच नाही. मीठ चव घेऊनच घालावं, बहुतेकदा लागतच नाही.

कोकणातल्या हाताला कालवं दिसली की आमसूल आठवणारच. नारळाच्या रश्श्यात ते शोभतं, इथे मात्र दोन आमसुलंही दुधाचा चोथा करतील. वरून मिरपूड, चिमूटभर पाप्रिका आणि सोबत 'ऑयस्टर क्रॅकर' नावाची छोटी खारी बिस्किटं. लगेच वाढा; दुसऱ्या दिवशी तापवायला गेलात तर कालवं चिवट होतात आणि दूध फाटायची दुसरी संधी साधतं.