एफडीचं व्याज उतरलंय? सरकारी रोखे थेट घ्यायचं फुकट खातं (आरबीआय रिटेल डायरेक्ट) कसं काढायचं – पात्रता, कागदपत्रं आणि अडकायच्या जागा

२०२५ च्या सुरुवातीला रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५ टक्के होता, त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो ५.२५ वर आला, आणि बँकांनी एफडीचे दर खाली आणायला अजिबात वेळ लावला नाही. मोठ्या बँकांच्या सेव्हिंगवर तर अडीच टक्केच मिळतात. अशा वेळी घरात एखादी एफडी मॅच्युअर झाली की सगळे विचारायला लागतात, आता हे पैसे टाकायचे कुठे. मला याच्यात एकच गोष्ट कळते, व्याजदर आपल्या हातात नाही पण खर्च आपल्या हातात आहे. कुठे १२ टक्के मिळत असतील आणि त्यातला १ टक्का कोणी कमिशन म्हणून खाल्ला तर फारसं जाणवत नाही, पण ६ टक्के मिळत असताना तोच १ टक्का गेला म्हणजे कमाईचा सहावा हिस्सा गेला. म्हणून खाली जे लिहितोय ते सगळं मधे एजंट नसलेलं किंवा जवळपास फुकटातलं आहे.

सगळ्यात आधी हे बघा की सरकारी बचत योजनांचा कोटा तुम्ही वापरलाय का. घरात कोणी ६० च्या पुढचं असेल तर सिनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम आधी, बाकी सगळं नंतर. एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, मुदत ५ वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी हातात, आणि २०२३ च्या एप्रिलपासून दर ८.२ टक्के चालत आलाय. पोस्टात किंवा बँकेत जायचं, फॉर्म, पॅन, आधार, फोटो, झालं काम. नोकरीतून रिटायर झालेल्यांना ५५ नंतरही घेता येतं पण मग रिटायरमेंटचा कागद लागतो आणि पैसे मिळाल्यापासून ३ महिन्यांच्या आत खातं काढावं लागतं, हे बरेच जण विसरतात.

दुसरं पीपीएफ. २०२० च्या एप्रिलपासून ७.१ वर आहे, वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख, १५ वर्षं, व्याजावर टॅक्स नाही. एका माणसाचं एकच खातं, जॉइंट चालत नाही, एनआरआय लोकांना नवीन काढता येत नाही. मुलाच्या नावाने पालक काढू शकतो पण दीड लाखाची मर्यादा पालकाचं आणि मुलाचं मिळून, त्यामुळे दोन खाती म्हणजे डबल फायदा असं काही नाही. पॅन, आधार, फोटो आणि नॉमिनेशन एवढंच लागतं, बऱ्याच बँकांत नेट बँकिंगवरूनच खातं निघतं. एक टीप, व्याज मोजताना महिन्याच्या ५ तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंतची कमीत कमी शिल्लक धरतात, म्हणून पैसे ५ च्या आत भरा, ६ तारखेला भरलेत तर त्या पैशांवर तो महिना गेला.

आता मुख्य विषय. ह्या दोन्हीत बसत नाही असा पैसा, म्हणजे वर्षभरात लागणार आहे किंवा उलट दहा-वीस वर्षं लागणारच नाही असा, त्याच्यासाठी आरबीआय रिटेल डायरेक्ट. १२ नोव्हेंबर २०२१ ला हे सुरू झालं आणि अजून निम्म्या लोकांना वाटतं की सरकारी रोखे (सरकार लोकांकडून कर्ज घेतं त्याचे कागद) म्हणजे बँका आणि एलआयसीचा मामला. तसं नाहीये, १०,००० रुपयांपासून आपणही घेऊ शकतो, थेट रिझर्व्ह बँकेकडे आपल्या नावाचं गिल्ट खातं (सरकारी रोखे ठेवायचं खातं) उघडून. खातं काढायला फी नाही, वर्षाचा चार्ज नाही, लिलावात बोली लावायलाही काही नाही, फक्त पेमेंट गेटवेचा जो काही आकार असेल तो आपला.

कोण काढू शकतं ते सोपं आहे. व्यक्ती असली पाहिजे, कंपनी किंवा संस्था नाही. भारतातलं बचत खातं हवं, पॅन हवं, केवायसीसाठी चालणारं एखादं अधिकृत ओळखपत्र, ईमेल आणि मोबाईल नंबर. एकट्याने काढा किंवा दोघांनी मिळून, पण जॉइंटमधे दुसऱ्यालाही ह्या सगळ्या अटी लागू, म्हणजे बायकोचं पॅनच नाही आणि नाव घालायचंय, असं होणार नाही. एनआरआय लोकांनाही फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) नियमांनुसार चालतं.

बसण्याआधी एवढं टेबलावर घेऊन बसा: पॅन कार्ड, आधार, एका कोऱ्या कागदावर सही करून काढलेला फोटो, नाव छापलेला कॅन्सल चेक, आणि नॉमिनीची माहिती (दोन नॉमिनी देता येतात). आधारला जो मोबाईल जोडलाय तोच हाताशी पाहिजे कारण ओटीपी तिथेच जातो. चेकबुक संपलं असेल तर आधी मागवा, नाहीतर अर्धा फॉर्म भरून बसाल.

खरं घोडं अडतं ते नावावर. आमच्या बाबांचं पॅनवर पूर्ण नाव, बँकेत आडनाव आधी आणि मधलं नाव नुसतं आद्याक्षर, आधारवर तिसरंच काहीतरी. खातं व्हेरिफाय होईना. बँकेच्या शाखेत गेलो तर काउंटरवरचे म्हणाले चालतं हो असं, सगळ्यांचं असंच असतं. इथे नाही चालत! मग बँकेत नाव दुरुस्तीचा अर्ज, पॅनची झेरॉक्स, तीन चकरा आणि जवळपास महिना. म्हणून माझं म्हणणं, पोर्टल उघडायच्या आधी तिन्ही ठिकाणचं नाव आणि जन्मतारीख एकदा शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर बघून घ्या आणि फरक असेल तर बँकेत बदला, ते आधार बदलण्यापेक्षा बरं पडतं.

प्रोसेस अशी. पोर्टलचा पत्ता आरबीआय रिटेल डायरेक्ट हे सगळं सलग लिहून पुढे डॉट ओआरजी डॉट इन, तो हातानेच टाका, कोणी व्हॉट्सअॅपवर पाठवलेली लिंक दाबू नका. २०२४ च्या मे महिन्यात मोबाईल अॅपही आलंय. खातं उघडा म्हटलं की एकटं की जॉइंट विचारतं, मग नाव, पॅन, ईमेल, मोबाईल, दोन ओटीपी. त्यानंतर केवायसी. आधारवरून ऑनलाइन होतं, नाहीतर व्हिडिओ कॉलवर. व्हिडिओसाठी ओरिजिनल पॅन हातात ठेवा आणि खिडकीकडे तोंड करून बसा, पाठीमागे उजेड असला की चेहरा काळा दिसतो आणि परत पहिल्यापासून. मग पत्ता, नॉमिनी, बँकेचे डिटेल्स, सही आणि चेकचा फोटो अपलोड. बँक खातं तपासायला तुमच्या खात्यात अगदी किरकोळ रक्कम जमा होते. सगळं जुळलं की गिल्ट खात्याचा नंबर आणि लॉगिनची माहिती मेसेज आणि ईमेलवर येते. कागद कुठेही कुरिअर करायचा नाही की कोणाला भेटायचं नाही.

खातं निघालं, आता घ्यायचं काय? इथेच लोक गडबडतात कारण लिस्ट उघडली की आकडेच आकडे.

वर्षाच्या आत लागणारा पैसा असेल तर ट्रेझरी बिल, म्हणजे टी-बिल. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची असतात, लिलाव साधारण बुधवारी. ह्याच्यावर व्याज येत नाही, ते स्वस्तात मिळतं आणि मुदत संपली की पूर्ण किंमत मिळते. समजा ३६४ दिवसांच्या बिलाचा यिल्ड (म्हणजे वर्षाचा परतावा) ५.५ टक्के निघाला, तर १०,००० चं बिल साधारण ९,४८० ला पडेल आणि वर्षाने १०,००० खात्यात येतील. बोली लावताना भाव आपण टाकायचा नसतो, नुसती रक्कम टाकायची, मोठ्या बँकांच्या बोलीतून जो सरासरी भाव निघतो तो आपल्याला लागतो. म्हणून पोर्टल आधी अंदाजे थोडे जास्त पैसे घेतं आणि उरलेले परत करतं, तेव्हा जास्त कापले म्हणून घाबरू नका. २०२५ च्या ऑगस्टमधे रिझर्व्ह बँकेने टी-बिलांसाठी ऑटो बिडिंग जाहीर केलं, त्यामुळे जुनं बिल संपलं की तेच पैसे आपोआप नव्यात लावता येतात.

लांबचा पैसा असेल तर केंद्र सरकारचे रोखे, लिलाव बहुतेक शुक्रवारी, आणि राज्यांचे रोखे बहुतेक मंगळवारी. राज्यांच्या रोख्यांना सहसा थोडं जास्त मिळतं. व्याज दर सहा महिन्यांनी बँकेत. इथे जरा थांबून वाचा, कारण हे कोणी सांगत नाही: सरकार बुडणार नाही म्हणजे तुमच्या रोख्याची किंमत पडणार नाही असं नाही. मुदतीपर्यंत ठेवलात तर ठरलेलं सगळं मिळेल. पण मधेच विकायची वेळ आली आणि तोवर बाजारातले दर १ टक्का वर गेले असतील तर १० वर्षांचा रोखा १०० मागे साधारण ७ रुपयांनी पडतो, ४० वर्षांचा १२ च्या आसपास. आणि आत्ता दर कमी आहेत म्हणजे नंतर वर जायला जागा आहे! म्हणून ६५ वर्षांच्या माणसाने आकडा मोठा दिसतोय म्हणून २०६० सालचा रोखा घेणं मला तरी पटत नाही. विकायची सोय पोर्टलवर आहे, पण छोट्या रकमेला लगेच आणि चांगल्या भावाने गिऱ्हाईक मिळेल हे गृहीत धरू नका. मुदतीच्या आत लागणारे पैसे इथे टाकूच नका.

ज्यांना दर वर गेल्यावर आपलंही व्याज वाढावं असं वाटतं त्यांच्यासाठी फ्लोटिंग रेट सेव्हिंग बॉण्ड आहे, तोही ह्याच पोर्टलवर किंवा बँकेतून घेता येतो. किमान १,०००, मुदत ७ वर्षं. व्याज एनएससीच्या (पोस्टातल्या राष्ट्रीय बचत पत्राच्या) दरापेक्षा ०.३५ टक्के जास्त, १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतं, म्हणजे एनएससी ७.७ असताना इथे ८.०५. हा विकता येत नाही, मुदतीआधी फक्त ६० च्या पुढच्यांनाच मोडता येतो आणि तेही वयानुसार ४ ते ६ वर्षं झाल्यावर. एनआरआयना हा मिळत नाही.

टॅक्स? पीपीएफ सोडून ह्या सगळ्याच्या व्याजावर आणि टी-बिलाच्या कमाईवर तुमच्या स्लॅबप्रमाणे लागतो, सरकारी आहे म्हणून माफ नाही. टीडीएस कापला नाही म्हणजे दाखवायचं नाही असं समजू नका, रिटर्नमधे आपणच भरायचं.

शेअरमधे थोडे टाकायचे असतील तर इंडेक्स फंड (निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा म्युच्युअल फंड) आणि तोही डायरेक्ट प्लॅन. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डायरेक्ट प्लॅन ठेवावाच लागतो, फंड तोच, फक्त डिस्ट्रिब्युटरचं कमिशन नाही. समजा महिन्याला ५,००० असे २० वर्षं भरले, एकीकडे १० टक्के पडले आणि दुसरीकडे खर्च जाऊन ९, तर शेवटी फरक साधारण साडेचार लाखांचा निघतो. कागदपत्रं पॅन, आधार आणि बँकेचा पुरावा एवढीच, पण आधी केआरएच्या (केवायसीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) साइटवर पॅन टाकून तुमच्या केवायसीचं स्टेटस बघा. व्हॅलिडेटेड असेल तर कुठल्याही फंडात जाऊ शकता, रजिस्टर्ड असेल तर प्रत्येक नव्या फंड हाऊसला परत कागद द्यावे लागतात, ऑन होल्ड असेल तर नवीन काहीच होत नाही. पॅन-आधार लिंक नसणं किंवा ईमेल-मोबाईल व्हेरिफाय नसणं हीच बहुतेक वेळा कारणं असतात, आणि दोन्ही ऑनलाइन निस्तरतात.

बाबांचं सांगायचं तर नाव दुरुस्त झाल्यावर खातं निघालं आणि त्यांनी पहिलं बिल फक्त ९१ दिवसांचं घेतलं, १०,००० चं. पैसे खरंच परत येतात का ते बघायचं होतं म्हणे. आले तेव्हा पासबुकावर एंट्री मारून आणली, आता बुधवार आला की सकाळपासून मोबाईल घेऊन बसलेले असतात, ऑटो बिडिंग लावून देतो म्हटलं तर नको म्हणतात.