कपाटातलं रसायन, खोक्यातलं भौतिक

वडोदऱ्यात दांडिया बाजारातलं किंवा रावपुऱ्यातलं जुनं घर रिकामं करायची वेळ आली की माळ्यावरून काय काय खाली येतं! आजेसासूबाईंचा जरीचा शालू, चांदीची उपकरणी, पगडीतल्या पणजोबांचा फोटो, चिनी मातीच्या बरण्या. यातलं निम्मं पुण्याला जायचं असतं, थोडं न्यू जर्सीला. मग वर्तमानपत्रं आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन बांधाबांध सुरू होते. पण कपाटात वस्तू बिघडते ती रसायनामुळे, वर्षानुवर्षं. रस्त्यात मोडते ती आदळून, क्षणात. त्यामुळे एका ठिकाणी उपयोगी पडणारी बांधणी दुसऱ्या ठिकाणी घात करते.

आधी जर. खरी जर म्हणजे चांदीची चपटी केलेली बारीक तार रेशमी धाग्याभोवती गुंडाळायची आणि वर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइड या गंधकयुक्त वायूमुळे चांदीवर काळं सिल्व्हर सल्फाइड चढतं. सोनं काळवंडत नाही, पण मुलामा झिजला की खालची चांदी उघडी पडते. हा गंधक बाहेरूनच येतो असं नाही. लोकरीत तो असतो, रबर टिकाऊ करतानाही वापरतात. चांदीच्या चमच्यांना रबरबँड लावून ठेवा, जिथे रबर टेकलं तिथे काळा पट्टा उमटेल. म्हणून जरीचा शालू स्वेटरांच्या गठ्ठ्यात नको. आणि काळवंडलेली जर पावडरीने घासायचा मोह आवराच. काळेपणाबरोबर उरलासुरला मुलामाही जातो.

खळ केलेलं वस्त्र कसरीला आमंत्रण असतं, कारण पिष्ट हे तिचं आवडतं खाद्य. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच असतील तर कापडाला टेकू देऊ नका. शालू धुतलेल्या मलमलीत ठेवावा आणि अधूनमधून घडी बदलावी, कारण रेशीम आधी घडीच्या रेषेवरच तुटतं. वर्तमानपत्राचा कागद मात्र नको. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकापासून आम्ल तयार होतं. जुना अंक पिवळा पडतो तो त्यामुळेच.

प्लास्टिकचं गणित पावसाळ्यात चुकतं. जुलैतल्या वडोदऱ्यात ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरा. या हवेत चांदीचा तांब्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं आणि रात्री पारा तीन अंश उतरला, की पिशवीच्या आत दव धरायला लागतं. म्हणून बांधायचं ते दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. जुन्या फोटोंवर बहुधा जिलेटिनचा थर असतो. ओल लागली की तो फुगतो आणि चौकटीच्या काचेला चिकटतो. काच आणि फोटो यांच्यात पुठ्ठ्याची किनार हवी. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी आलीच. विश्वामित्री नदीच्या २०२४ च्या पुरात घरांत पाणी शिरलं होतं, तेव्हा खालच्या खणात फोटो ठेवू नका हे इथे वेगळं सांगायला नको. भिजून चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हलकेच सुटू द्यावेत, तेही दोन दिवसांच्या आत. अवघड काही असेल तर विचारायला आपलंच गाव बरं: महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवलं जातं.

परदेशी पाठवायचं असेल तर आधी कायदा पाहा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखितं खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. पणजोबांची पोथी न्यू जर्सीच्या खोक्यात टाकण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी केलेली बरी.

आता खोकं. बरणी ८० सेंटिमीटरवरून पडली आणि ४ मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट धक्का बसतो. तेच थांबणं ४ सेंटिमीटरमध्ये झालं तर २० पट. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, सगळी करामत एवढीच. म्हणून कडक थर्माकोल ठासून भरला तर फायदा नाही, तो दबतच नाही. फारच मऊ काही घातलं तर वस्तू तळाला टेकते. वर्तमानपत्राचे बोळे ट्रकच्या हादऱ्यांनी तासातासाला चपटे होतात आणि पुन्हा फुगत नाहीत. पोहोचेपर्यंत बरणी आत खुळखुळायला लागते. उपाय जुनाच: खोक्यात खोकं, मध्ये चहूबाजूंनी साधारण पाच सेंटिमीटर दबून परत फुगणारा थर. बरणीचं झाकण वेगळं बांधा. ताटल्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. फोटोची काच काढता येत असेल तर काढाच. बबलरॅपचे फुगे वस्तूच्या बाजूला नकोत, त्यांचे ठसे उमटतात. मध्ये मलमल असू द्या.

खोकं पोहोचलं की लगेच उघडायची घाई नको. थंड विमानातून दमट घरात आलेल्या वस्तूवर दव धरतं, तेव्हा एक दिवस ते तसंच बंद राहू द्या. मग उघडा आणि बबलरॅप त्याच दिवशी काढून टाका. ‘नीट बांधलंय, असू दे तसंच’ म्हणून कपाटात सरकवलेली खोकी मी बरीच पाहिली आहेत, आणि त्यांतली चांदी काळी पडलेलीच निघते.