‘बारित्सू’चा घोळ आणि हाणामारी करणारा होम्स

२००९ च्या नाताळात आलेल्या ‘शेरलॉक होम्स’ या चित्रपटावर मोठा आक्षेप घेतला गेला तो हा की, बुद्धीच्या बळावर गुन्हे उकलणाऱ्या माणसाला त्याने विनोदी मारधाडीचा नायक करून टाकले. मूळ कथा उघडल्या की हा आक्षेप फारसा टिकत नाही. १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत होम्सचा मित्र आणि कथांचा निवेदक डॉ. वॉटसन याने आपल्या नव्या सोबत्याच्या ज्ञान-अज्ञानाची जी यादी केली आहे, तिच्यात तो काठी, मुष्टियुद्ध आणि तलवार यांत तरबेज असल्याची नोंद आहे. १८९० च्या कादंबरीत तर दारावर अडवणारा धंदेवाईक मुष्टियोद्धा, चार वर्षांपूर्वी आपल्याशी तीन फेऱ्या लढलेला गडी हाच, हे ओळखताच त्याला आत सोडतो.

खरा घोळ आहे तो एका शब्दाचा. १८९३ मध्ये लेखक आर्थर कॉनन डॉइल यांनी स्वित्झर्लंडमधील राइशेनबाखच्या धबधब्यात संपवलेला नायक १९०३ मध्ये परत आला, तेव्हा आपल्याला ‘बारित्सू’ नावाची जपानी कुस्ती थोडीफार येत असल्यामुळे शत्रू मोरियार्टीच्या मिठीतून निसटता आले, असा खुलासा त्याने केला. जपानमध्ये या नावाची कुस्तीच नाही. मात्र जपानहून परतलेल्या बार्टन-राइट या इंग्रज अभियंत्याने १८९८-९९ च्या सुमारास जुजुत्सू ही जपानी नि:शस्त्र झुंज, मुष्टियुद्ध, फ्रेंच पद्धतीच्या लाथा आणि छडीचे डाव एकत्र करून लंडनमध्ये एक पद्धत सुरू केली होती आणि आपल्या आडनावाचा आरंभ व ‘जुजुत्सू’चा शेवट जोडून तिला ‘बार्टित्सू’ असे नाव दिले होते. १९०१ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राने त्यातला ‘ट’ गाळून ते छापले, आणि लेखकाने बहुधा तेथूनच ते उचलले, असे मानले जाते. कालगणनेचा मेळ तरीही बसत नाही, कारण कथेतील झटापट १८९१ मधली, म्हणजे ही पद्धत जन्मण्याच्या कितीतरी आधीची आहे. आणि कथा छापून आली तोवर लंडनमधला तो आखाडाही बंद पडला होता. एका चुकीच्या स्पेलिंगमुळे विद्येचे नाव मागे उरावे, हे होम्सच्या चाहत्यांना शोभेलसेच आहे. २००० नंतर काही हौशी मंडळींनी जुन्या मासिकांतील लेख धुंडाळून ती पुन्हा शिकायला सुरुवात केली.

मधल्या काळात रंगभूमी आणि पडदा यांनी वेगळाच होम्स रूढ केला. १८९९ च्या नाटकाने त्याच्या तोंडी वाकडा पाइप दिला, तर १९३९ ते १९४६ या काळातील १४ चित्रपटांनी सगळा विनोद बावळट वॉटसनच्या माथी मारला, जो कथांतील लष्करी डॉक्टरावर उघड अन्याय होता.

२००९ च्या चित्रपटाने तो अन्याय दूर केला, आणि मुष्टियुद्धाच्या प्रसंगात तर्क व ठोसा यांची सांगडही घातली. पाठीमागून थुंकणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला कोठे मारायचे, तो किती आठवड्यांनी बरा होईल, हे होम्स आधी मनात संथपणे मांडतो आणि मग तेच काही क्षणांत उरकतो. हसू येते ते त्या निदानाच्या कोरड्या, वैद्यकीय सुरामुळे. २०११ च्या पुढच्या भागात राइशेनबाखच्या सज्जात होम्स आणि मोरियार्टी दोघेही असाच हिशेब मांडतात, आणि आपण हरणार हे उमगताच होम्स त्याला कवटाळून खाली झेपावतो. येथे त्याचा जीव वाचतो तो थोरल्या भावाच्या श्वसनयंत्रामुळे. बारित्सूचा उल्लेखही होत नाही.