ऑइल पॅनला पॅकिंग लावावं की सीलंट?

इंजिनखाली बोट फिरवलं आणि ते काळं झालं, की लगेच चर्चा सुरू होते: पॅकिंग (जोडात बसणारी तंतूंची किंवा रबराची पट्टी) बदलायचं की सरळ सीलंट (ट्यूबमधून लावायचा, नंतर घट्ट होणारा लेप) मारायचं? त्याआधी तेल नक्की येतंय कुठून, हे बघायला हवं. ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाचं तेल साठवणारं भांडं, सगळ्यांत खाली असतो. वरच्या कुठल्याही जॉइंटमधून किंवा सीलमधून निघालेलं तेल ओघळून शेवटी त्याच्याच काठावर जमतं आणि बदनाम पॅन होतो. तेल काढायच्या ड्रेन बोल्टखालचा वॉशरही पुष्कळदा खरा गुन्हेगार निघतो. खालची बाजू पुसून कोरडी करा, तिच्यावर थोडी टाल्कम पावडर उडवा आणि इंजिन चांगलं तापू द्या. तेल जिथून फुटतं, तिथे पावडरवर ओली रेघ उमटते.

रेघ पॅनच्याच जॉइंटवर उमटली, तर पुढचं वाचा.

पॅनमधल्या तेलावर पंपाचा दाब नसतो. वर जेमतेम काही सेंटीमीटर तेल आणि क्रँककेसमधल्या (पॅन ज्याला खालून जोडलेला असतो त्या इंजिनाच्या कवचातल्या) वायूंचा हलका दाब, एवढंच. तरीही ते पाझरतं, कारण यंत्रावर तासलेला धातूचा फेस (जोडाची सपाट बाजू) डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी त्यावर काही मायक्रॉनचे चर असतात. शिवाय बोल्ट आवळल्यावर फेस बोल्टपाशी घट्ट बसतो आणि दोन बोल्टांच्या मध्ये किंचित उचललेला राहतो. अशा अरुंद फटीतून किती द्रव वाहील, हे फटीच्या उंचीच्या घनावर ठरतं. म्हणजे फट निम्मी झाली तर गळती आठव्या हिश्श्यावर येते आणि दुप्पट झाली तर आठपट होते. त्यात उष्णतेची भर पडते. १०डब्ल्यू-४० दर्जाच्या तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, ४० अंश सेल्सिअसला साधारण ९० ते १०० सेंटीस्टोक असते, ती १०० अंशांना १४च्या आसपास येते. तीच फट, तेच तेल, पण तापल्यावर सहा-सातपट वाहतं. म्हणूनच रात्रभर उभ्या गाडीखाली एक थेंब नसतो आणि लांबच्या फेरीनंतर पॅन माखलेला असतो.

ही फट बुजवायचे दोन मार्ग आहेत आणि दोघांची तऱ्हा पूर्ण वेगळी आहे. पॅकिंग दाबाखाली काम करतं, सीलंट चिकटून.

आधी पॅकिंग. ६ मिलिमीटरचा एक बोल्ट कोरड्या आट्यांत १० न्यूटन-मीटरने आवळला, तर तो साधारण ८०० किलो वजनाइतक्या जोराने दोन्ही भाग एकमेकांवर दाबतो. त्या दाबाखाली तंतूंचं किंवा रबराचं पॅकिंग धातूच्या चरांमध्ये शिरतं. तेच आटे तेलाने ओले असले तर घर्षण कमी होतं, टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) १०च दाखवतो, पण बोल्टवरचा ताण बराच वाढतो. ॲल्युमिनियममधले आटे उडण्याचं हे एक नेहमीचं कारण. बोल्ट ज्या बंद भोकात जातो त्यात तेल साचलं असेल, तर त्याहून वाईट: तेल दाबलं जात नाही, आणि आवळताना भोवतीचं कास्टिंगच तडकू शकतं.

पॅकिंग कालांतराने सैल का पडतं, तेही इथेच कळतं. ॲल्युमिनियम दर अंशाला पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन तापलं की पॅन आणि क्रँककेस फुगतात, पोलादी बोल्ट तेवढा लांबत नाही आणि मधलं पॅकिंग जास्तच चेपलं जातं. थंड झाल्यावर धातू मूळ जागी येतो, पॅकिंग मात्र पूर्ण उसळत नाही. अशा फेऱ्या होत राहिल्या की बोल्टचा ताण उतरतो. मग कोणीतरी ‘अजून थोडं आवळू’ म्हणतं. पत्र्याचा पॅन असेल तर एवढ्याने भोकांभोवती खळगे पडतात, मधला भाग आणखी उचलला जातो आणि गळती वाढते. असा पॅन उलटा ठेवून, काठ ठोकून सपाट केल्याशिवाय नवं पॅकिंग लावणं फुकट आहे.

आता सीलंट. आरटीव्ही नावाने मिळणारं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पिकतं. आधी वर साय धरते, मग आतला भाग हळूहळू घट्ट होतो. एका दिवसात साधारण दोन-तीन मिलिमीटर. पिकताना काही प्रकारांतून ॲसेटिक आम्ल सुटतं, त्याचा व्हिनेगरसारखा वास येतो. हे आम्ल धातूला गंजवतं, म्हणून इंजिनासाठी उदासीन (आम्ल न सोडणाऱ्या) प्रकारचं, तेलाला टिकणारं सिलिकॉन घ्यावं. न्हाणीघराच्या फटींसाठीची ट्यूब इथे आणू नये. दुसरा प्रकार ॲनेरोबिक. हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की तो घट्ट होतो. जास्तीचा भाग आत ओघळला तरी द्रवच राहून तेलात मिसळतो. दोन ताठ, तासलेले फेस असतील तर मला हाच आवडतो. लवचीक पत्र्याच्या पॅनला मात्र तो चालत नाही, कारण मोठी फट तो भरून काढू शकत नाही.

सिलिकॉनचा खरा धोका बाहेर दिसत नाही. जाड थर लावून पॅन बसवला, की बाहेर रबराची गुबगुबीत कड दिसते आणि काम पक्कं झाल्यासारखं वाटतं. तशीच कड आतल्या बाजूलाही तयार झालेली असते. तेलात भिजून, कंपनांनी तुटून तिचे तुकडे होतात आणि पॅनच्या तळाशी बसलेल्या पंपाच्या जाळीत अडकतात. जाळी बुजली की बेअरिंगला तेल मिळत नाही. पाझर हा त्रास आहे, तेल न मिळणं हा इंजिनाचा शेवट. म्हणून रेघ बारीक आणि सलग हवी, भोकांच्या आतल्या बाजूने, आणि साय धरण्याआधी पॅन जागेवर बसायला हवा.

मग निवड कशी करायची? खरं तर ती इंजिन आखणाऱ्याने आधीच केलेली असते. बऱ्याच इंजिनांत दाब-नियंत्रक झडप किंवा तेलाची नळी ओ-रिंगसह (गोल रबरी कडीसह) पॅन आणि क्रँककेस यांच्यामध्ये पकडलेली असते. पॅकिंगची जाडी त्या हिशेबात धरलेली असते. पॅकिंग काढून नुसतं सीलंट लावलं तर ते भाग जास्त दाबले जातात. सीलंटवाल्या जॉइंटमध्ये पॅकिंग घातलं तर ओ-रिंग सैल राहते आणि तेलाचा दाब आतल्या आत निसटतो. सर्व्हिस मॅन्युअल जे सांगतं तेच लावावं, इथे हुशारी नको.

आणि ‘दोन्ही लावू, डबल सेफ्टी’ हा तर सर्वांत लोकप्रिय उपाय. रबरी पॅकिंगवर सीलंट लावलं की ते वंगणासारखं काम करतं आणि आवळताना पॅकिंग बोल्टांच्या मधून बाहेर सरकतं. अपवाद एकच: क्रँककेसचे दोन अर्धे जिथे पॅनला मिळतात, त्या तिठ्यावर मॅन्युअल सांगत असेल तर सीलंटचा एक ठिपका.

फेस साफ करताना लोखंडी पट्टीने खरवडू नका. जॉइंटला आडवा गेलेला एक ओरखडा म्हणजे तेलाला आतून बाहेर आयती वाट. प्लॅस्टिकची पट्टी आणि ब्रेक क्लीनर पुरतो. वरून तेल ठिबकणं पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा, कारण तेलाच्या पातळ थरावरही सिलिकॉन चिकटत नाही.

सगळं नीट करूनही पुन्हा पाझर आला, तर पॅन खोलण्याआधी क्रँककेसची ब्रीदर नळी बघा. पिस्टनच्या कडेने खाली उतरणारे वायू तिथून बाहेर पडतात. ती चिखलाने किंवा चिघळलेल्या तेलाने तुंबली असेल, तर आतला दाब वाढत जातो आणि कुठलंही पॅकिंग घाला, तेल कुठून तरी बाहेर येणारच.