डिफेन्स कंपनीतलं कोडिंग इतकं संथ का?

नांदेड-लातूरकडचा मुलगा मोठ्या डिफेन्स कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून लागला, की आधी गावच्या ठाण्यातून पोलीस व्हेरिफिकेशन होतं. रुजू झाल्यावर कळतं, की कोडच्या दहा ओळी बदलायच्या तरी रिव्ह्यू, टेस्टिंग आणि कागदपत्रांत दिवसच्या दिवस जातात. पुण्याच्या आयटीतले मित्र यावरून चेष्टा करतात. सगळा दोष सरकारी आळसाचा, असं त्यांना वाटतं. आळस थोडाफार असेलही, पण या शिस्तीची मुळं दुसरीकडे आहेत.

२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध चालू होतं आणि सौदी अरेबियातल्या धाहरानला अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा तैनात होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या हिश्शात वेळ मोजायचं. एक दशांश हा आकडा बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या ०-१ च्या आकड्यांत, नेमका बसत नाही. २४ बिटांत, म्हणजे ०-१ च्या २४ घरांत, तो किंचित तुटायचा. ही यंत्रणा सलग १०० तास चालवली जाईल, हे कुणी धरलंच नव्हतं. तेवढ्या तासांत चूक साचत साचत सुमारे ०.३४ सेकंदावर गेली. एवढ्या वेळात इराकचं स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढं जातं. रडारनं भलत्याच जागी पाहिलं, प्रतिहल्ला झालाच नाही आणि स्कड बराकीवर पडून २८ सैनिक मेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर तिथं पोचलं दुसऱ्या दिवशी.

पाच वर्षांनी, ४ जून १९९६ ला, युरोपचं एरियन ५ रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभरही टिकलं नाही. एरियन ४ चा जुना कोड नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गावर तपासून न पाहताच वापरला होता.

आपल्याकडचा धडा वेगळा. लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक्स बनवणारी सरकारी कंपनी भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ ची, संरक्षण संशोधन करणारी सरकारी संस्था डीआरडीओ १९५८ ची. पण सॉफ्टवेअरचा खरा कस लागला तेजस या लढाऊ विमानात. हे विमान मुळातच अस्थिर आहे, कॉम्प्युटरशिवाय पायलटला ते उडवता येत नाही. उड्डाण नियंत्रणाच्या कामात अमेरिकेची मदत घेतलेली होती. मे १९९८ मध्ये पोखरणचे स्फोट झाले, निर्बंध आले आणि तिथं काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअरांना परत पाठवलं गेलं. उरलेलं काम इथंच झालं. ४ जानेवारी २००१ ला तेजस पहिल्यांदा उडालं. बाहेरच्यांच्या हाती काय द्यायचं, याचा धाक आजही या कंपन्यांत दिसतो, त्यामागे हाही अनुभव आहे.

खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुलं झालं मे २००१ मध्ये. तोवर अशी नोकरी म्हणजे सरकारी कंपनी नाहीतर डीआरडीओ, आणि आपल्या भागातल्यांसाठी त्यातलं जवळचं ठिकाण हैदराबाद. क्षेपणास्त्रं बनवणारी भारत डायनॅमिक्स तिथं १९७० पासून आहे. नांदेडहून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, शिवाय १९५६ पर्यंत मराठवाड्याची राजधानीच ती. इंजिनिअर घडवायची सोय इथं होतीच: संभाजीनगरचं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं, नांदेडचं श्री गुरू गोबिंद सिंहजी १९८१ चं. नोकरीसाठी मात्र अजूनही हैदराबाद, बंगळुरू नाहीतर पुण्याची वाट धरावी लागते.