फियॉर्डची क्रूझ की बाल्टिकची? दोन्ही एकच नाहीयेत हो!

परवा मावशीचा फोन, अगं नॉर्थ युरोपची क्रूझ बुक करतेय. म्हटलं कुठली, तर म्हणे तीच गं, कोपनहेगनवरून निघते ती! आता कोपनहेगनवरून नॉर्वेच्या फियॉर्डची पण निघते आणि बाल्टिक समुद्राकाठच्या शहरांची पण, आणि जहाज, बुफे, रात्रीचे शो सगळं सेम असलं तरी ट्रिपा एकदम वेगळ्या.

फियॉर्ड म्हणजे डोंगरात आत घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी, त्यामुळे तिकडे जहाज चालू असतं तेव्हाच खरं बघायचं असतं. नॉर्वेतला गायरांगर फियॉर्ड जेमतेम 15 किमीचा, 2005 पासून युनेस्कोच्या यादीत, आणि आमचं जहाज आत शिरलं पहाटे. मी साडेपाचला स्वेटरवर जॅकेट चढवून, हातात चहाचा कप घेऊन डेकवर, एवढं मोठं धूड पण आवाज फक्त सेव्हन सिस्टर्स धबधब्याचा, आणि कड्याला मधेच एक रिकामं शेतघर चिकटलेलं, तिथे लोक चढायचे कसे देव जाणे. आठ वाजता बुफेत एक काका विचारत होते, गायरांगर कधी येणार? बाल्कनी केबिन घ्यायची तर याच ट्रिपला, तरी तिच्यातून एकच बाजू दिसते, डेक तो डेक. आणि रेनकोट हवाच, तिकडच्या बर्गन शहरात वर्षातले 200 हून जास्त दिवस पाऊस असतो, तोही गार.

बाल्टिकचं उलटं. जहाज बहुतेक रात्री चालतं, सकाळी उठलं की नवीन शहर, त्यामुळे बिनखिडकीची इनसाइड केबिन पुरते, पैसे चांगल्या बुटांवर घालवा. एस्टोनियातल्या टॅलिनचं जुनं शहर बंदरापासून चालत जाण्यासारखं आहे, जहाजाची महागडी टूर कशाला, पण सगळे दगडी रस्ते, सँडल घालून गेलात तर संध्याकाळी पाय बोलतात. ब्रोशरमधे 'बर्लिन' दिसलं तर हुरळू नका, जहाज वार्नेम्युंड बंदराला लागतं आणि तिथून बर्लिन एका बाजूने तीनेक तास! मोठी जहाजं स्टॉकहोमऐवजी न्यूनेसहामन बंदराला थांबतात, तेही साधारण 60 किमी लांब. मात्र जहाज थेट स्टॉकहोमला जात असेल तर त्या दिवशी लवकर उठा, हजारो बेटांमधून वाट काढत जातं. रशियातलं सेंट पीटर्सबर्ग मात्र 2022 पासून क्रूझमधून बंद, जुने फोटो बघून बुक करू नका.

व्हिसा दोन्हीला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच. फक्त इंग्लंडमधल्या साउदम्प्टनवरून निघणारी फियॉर्ड क्रूझ घेतलीत तर यूकेचा पण लागतो.

मावशीचे गुडघे कुरकुरतात आणि काकांना म्युझियममधे जांभया येतात, म्हणून मी फियॉर्ड सांगितलंय, फक्त पहाटेचा अलार्म लावा म्हटलं.